पृथ्वीच्या चुंबकी शिवेवर

गावच्या नकाशावर शीव ही एक रेघ असते. गेवराईकडचे एखादे गाव कोठे संपते आणि शेजारचे कोठे सुरू होते, हे शाईच्या एका बारीक रेघेने दाखविलेले असते. त्या रेघेला लांबी असते, रुंदी नसते. पण प्रत्यक्ष शिवेवर जाऊन उभे राहा. तेथे बांध असतो. आपल्याकडे त्याला धुरा म्हणतात. त्याची रुंदी कोठे दोन हात, कोठे चार हात. त्यावर दोन्ही रानांत न पेरलेले गवत उगवते, एखादी बोर, एखादी बाभूळ असते, दोन्हीकडची गुरे त्यावर तोंड मारतात, आणि तंटा व्हायचा तोही तेथेच होतो. नकाशा काढणाराने रेघ ओढली. राहणाराला मात्र पट्टा दिसतो.

आज ज्या शिवेविषयी सांगायचे आहे ती आपल्या गावाची नव्हे, जिल्ह्याचीही नव्हे. ती आपल्या पृथ्वीची शीव आहे. सूर्याच्या बाजूला ती सुमारे ६५,००० किलोमीटरांवर आहे. तिलाही शास्त्रज्ञांनी प्रथम कागदावर रेघेनेच दाखविले, आणि पुढे यंत्रे घेऊन याने तेथे पोचली तेव्हा दिसून आले, की तेथेही धुरा आहे! त्याला जाडी आहे, त्यावर आतले आणि बाहेरचे असे दोन्ही प्रकारचे कण सापडतात, आणि पृथ्वीच्या आवारात बाहेरून जे काही शिरते ते या धुऱ्यावरूनच शिरते. काय शिरते, कसे शिरते, आणि त्याची वार्ता आपल्या अलिबागच्या चुंबकसुईला कशी लागते, हे पाहू या.

पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे, हे शाळेतली मुलेही सांगतात. म्हणूनच होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते. या चुंबकाचे बळ जमिनीवर संपत नाही. ते वर आकाशात लांबवर पसरलेले असते, फक्त अंतराबरोबर विरळ होत जाते. पोकळीत पृथ्वी एकटी असती तर हे बळ विरत विरत कोठवर गेले असते याला अंत नाही. पण पृथ्वी एकटी नाही. सूर्याच्या अंगावरून सर्व दिशांना एक वारा सतत वाहत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. हा वारा हवेचा नाही. सूर्याच्या उष्णतेने अणूंच्या ठिकऱ्या उडालेल्या असतात. धन विद्युत्‌भाराचे प्रोटॉन वेगळे, ऋण भाराचे इलेक्ट्रॉन वेगळे, आणि दोघांचा मिळून जो वायू होतो तो हा. त्याला प्लाझ्मा म्हणतात. पंडितांनी ‘आयनद्रायू’ असा शब्द केला आहे, पण आपण प्लाझ्माच म्हणू, तोंडात चांगला बसतो.

हा वारा किती वेगाचा? साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर. बीडहून मुंबई गाठायला त्याला एक सेकंद पुरे. आणि दाट किती? येथे मात्र गंमत आहे. आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेत, एका घन सेंटिमीटरात, म्हणजे लहानशा बोराएवढ्या जागेत, सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. सौर वाऱ्यात तेवढ्याच जागेत पाच-सहा प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन! आपल्या प्रयोगशाळेत जिला आपण उत्तम निर्वात जागा म्हणतो, ती याच्यापुढे बाजारपेठेसारखी गजबजलेली ठरेल.

असा हा विरळ पण वेगवान वारा पृथ्वीच्या चुंबकी बळावर येऊन आदळतो. विद्युत्‌भार असलेला कण चुंबकी बळात शिरला की त्याची वाट वळते. प्रोटॉन एका बाजूला वळतात, इलेक्ट्रॉन उलट बाजूला. दोन विरुद्ध भारांचे कण दोन विरुद्ध दिशांना गेले म्हणजे काय झाले? वीजप्रवाह झाला. म्हणजे वारा जेथे अडतो तेथे आपोआप विजेचा एक पडदा उभा राहतो. या पडद्याचे स्वतःचे चुंबकी बळ असते; ते आतल्या बाजूला पृथ्वीच्या बळात भर घालते आणि बाहेरच्या बाजूला ते पुसून टाकते. म्हणून पृथ्वीचे बळ एका ठिकाणी तुटक संपल्यासारखे दिसते. सिडनी चॅपमन आणि त्यांचे विद्यार्थी व्हिन्सेंट फेरारो यांनी ही कल्पना १९३१ साली कागदावर मांडली. त्या वेळी तेथवर जाण्याचे साधन नव्हते. सौर वारा अखंड वाहतो हे देखील यूजीन पार्कर यांनी १९५८ साली सांगितले तेव्हा पुष्कळांना पटले नव्हते.

या आवाराला इंग्रजी नावावरून मॅग्नेटोस्फिअर आणि मराठीत चुंबकांबर म्हणतात. सूर्याकडच्या बाजूने ते चेपलेले असते आणि मागच्या बाजूने शेपटासारखे लांब पसरलेले असते. चुंबकांबराच्या पुढे सौर वाऱ्याची एक आघाती लाट असते, वाहत्या पाण्यात रोवलेल्या खांबापुढे पाणी फुगते तशी. तिच्यामागे वारा मंदावलेला, तापलेला आणि दाटलेला असतो. त्याच्या आत मग आपली शीव.

शीव कोठे राहायची हे दोन दाबांच्या तोलावर ठरते. बाहेरून वाऱ्याचा रेटा, आतून चुंबकी बळाचा. वाऱ्याचा रेटा वाढला की ती आत सरते, कमी झाला की बाहेर जाते. पण आतले बळ पृथ्वीकडे येऊ लागताच झपाट्याने वाढत असल्यामुळे ती फार हटत नाही. वाऱ्याचा रेटा दुप्पट झाला तरी शीव सुमारे एक नवमांश अंतरच आत येते. बळकट माणूस दाराला खांदा लावून उभा असावा, तसा हा प्रकार आहे.

येथे एक शब्द मला खटकतो तो सांगून टाकतो. पुस्तकांत या चुंबकांबराला पृथ्वीची ढाल म्हणतात. खोटे नाही, सौर वाऱ्याचा फार मोठा भाग ते बाजूने वळवून लावते. पण ढाल म्हटले की काम संपले असे मुलांना वाटते. ढाल गळते का, कोठे गळते, केव्हा गळते, हा प्रश्नच मग कोणी विचारत नाही. आणि या विषयातली सारी खरी गोष्ट त्या गळतीत आहे. उत्तरेकडच्या देशांत आकाशात रंगीत ध्रुवीय प्रकाश दिसतो, कधी दूरच्या लघुलहरी रेडिओचे बोलणे बुडते, १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास गेली, हे सारे जे आत शिरले त्याचे परिणाम. परळीहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांना असा धोका फार कमी, कारण आपण ध्रुवांपासून दूर आहोत. परंतु आपले हवामानाचे उपग्रह मात्र थेट त्या आवाराच्या आत, शिवेच्या अलीकडे फिरत असतात.

आता यानांची हकीकत. मार्च १९६१ मध्ये अमेरिकेने एक्सप्लोरर-१० हे छोटे यान सोडले. त्याची बॅटरी दोनेक दिवस टिकली. तेवढ्यात त्याने एक चमत्कारिक गोष्ट कळविली. यान एकाच दिशेने बाहेर चालले होते, तरीही त्याला काही वेळ शांत चुंबकी बळ लागे, मग खळबळणारा प्लाझ्मा लागे, पुन्हा शांत बळ, पुन्हा प्लाझ्मा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-१२ ने तर ही शीव पुन्हा पुन्हा ओलांडली. यान एकदा शीव ओलांडून गेले, मग ती परत कशी आली? उत्तर असे, की यान पुढे जात होते, पण शीवही जागेवर नव्हती. वाऱ्याच्या रेट्याबरोबर ती मागे-पुढे हेलकावत होती.

यातून मोठी अडचण उभी राहिली. ती समजून घेण्यासाठी बालाघाटाच्या माळावरची पावसाची सर डोळ्यांसमोर आणा. एका धुऱ्याला धो धो पाऊस आणि शेजारच्या धुऱ्याला पाय ओले होत नाहीत, हे आपल्या जिल्ह्यात नवे नाही. समजा माळावर एकच माणूस उभा आहे आणि सर त्याच्यावरून गेली. तो सांगेल, पाच मिनिटे भिजलो. पण सर रुंद होती आणि जोरात गेली, की अरुंद होती आणि रेंगाळत गेली, हे त्याला सांगता येणार नाही. दोन्ही वेळी पाचच मिनिटे भिजायचे! आता दुसरा माणूस सरीच्या वाटेवर, ठरावीक अंतरावर उभा करा आणि दोघांच्या हाताला घड्याळ द्या. पहिला चार वाजता भिजू लागला, दुसरा चार वाजून दोन मिनिटांनी; मधले अंतर ठाऊक आहे; म्हणजे सरीचा वेग निघाला. वेग निघाला की पाच मिनिटांवरून रुंदीही निघाली.

अगदी हेच शास्त्रज्ञांनी केले. २२ ऑक्टोबर १९७७ रोजी इसी-१ आणि इसी-२ ही दोन याने एकाच अग्निबाणाने पाठविली. दोन्ही एकाच वाटेने, एकामागे एक, आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त करण्याची सोय होती. शिक्षकांनी वर्गात घालावे असे गणित आहे. समजा दोन यानांत ६०० किलोमीटर अंतर आहे आणि शीव पहिल्यावरून गेल्यावर २० सेकंदांनी दुसऱ्यावर आली. वेग सेकंदाला ३० किलोमीटर. पहिल्या यानाला शीव ओलांडून जायला २० सेकंद लागले असतील तर जाडी ६०० किलोमीटर. आकडे मी सोपे घेतले आहेत, पण खरे आकडे याच्या आसपासचेच निघाले. शीव सेकंदाला दहा ते ऐंशी किलोमीटर वेगाने हलते, आणि विजेच्या त्या पडद्याची जाडी सर्वसाधारणपणे ४०० ते १,००० किलोमीटर भरली. नुसत्या हिशेबाने ती याच्यापेक्षा पुष्कळ पातळ असायला हवी होती.

ही झाली पडद्याची जाडी. त्याच्या आतल्या अंगाला आणखी एक पट्टा आहे, आणि खरा धुरा तो. वेला आणि इंप-६ या यानांच्या नोंदी पाहून टिमथी ईस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली या पट्ट्याचे वर्णन केले. यांपैकी वेला याने मुळात आकाशातल्या विज्ञानासाठी सोडलेली नव्हतीच. कोणी चोरून अणुस्फोट करतो काय यावर पहारा ठेवण्यासाठी ती होती. पहारेकऱ्याने चोर शोधता शोधता धुरा मोजला म्हणायचा!

या पट्ट्यात काय सापडले? शिवेबाहेर घन सेंटिमीटरात वीस-तीस कण असतात, आत एखादाच. या पट्ट्यात मधली संख्या असते. बाहेरचा प्लाझ्मा पृथ्वीला वळसा घालून शेपटाकडे धावत असतो, आतला जवळजवळ स्थिर. या पट्ट्यातला बाहेरच्याच दिशेने, पण कमी वेगाने वाहतो. बाहेरचे थंड कण आणि आतले तापट कण एकत्र नांदतात. सूर्यासमोर, चुंबकांबराच्या नाकाशी, हा पट्टा काही शेकडा किलोमीटर असतो. तेथून दोन्ही कुशींकडे तो रुंदावत जातो आणि पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सहा हजार किलोमीटरांहून जाड झालेला आढळतो. याला सीमास्तर म्हणतात.

मग मुख्य कोडे असे, की बाहेरचे कण या पट्ट्यात आले कसे? आपण साखर पाण्यात टाकली की ती रेणूंच्या धक्काबुक्कीने पसरते. येथे धक्काबुक्की करायला शेजारीच नाही. सौर वाऱ्यातला एक कण दुसऱ्याला खरोखरी आदळण्याआधी सूर्यापासून पृथ्वीएवढी मजल मारतो, इतकी ती वस्ती विरळ. टकरी नाहीत तर मिसळण नाही, आणि चुंबकी बळाच्या रेषा कणांना आडवे जाऊ देत नाहीत. हिशेबाप्रमाणे तेल आणि पाणी वेगळे राहायला हवे. प्रत्यक्षात ते मिसळलेले दिसते.

एक वाट जेम्स डंगी यांनी १९६१ सालीच सुचविली होती. सौर वारा येताना सूर्याच्या चुंबकी रेषा आपल्याबरोबर ओढून आणतो. पृथ्वीच्या रेषा शिवेजवळ, दिवसाच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून असतात. वाऱ्याबरोबर आलेल्या रेषांचे तोंडही उत्तरेकडे असेल तर दोघींचे पटते, वेस बंद राहते. पण त्यांचे तोंड दक्षिणेकडे असेल तर समोरासमोरच्या दोन विरुद्ध रेषा एकमेकींना पुसतात, तुटतात, आणि तुटलेली टोके परस्परांशी जुळतात. पृथ्वीच्या रेषेचे एक टोक मग सूर्याकडून आलेल्या रेषेला बांधले जाते. वेस उघडली! त्या रेषेवरून कण सरळ आत येतात. याला पुनर्जोडणी म्हणतात. इसी यानांना १९७८ साली शिवेवर प्लाझ्माचे वेगवान फवारे आढळले, जसे पुनर्जोडणीने सुटायला हवेत तसेच; आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी एमएमएस नावाच्या चार यानांनी, परस्परांपासून दहाएक किलोमीटर अंतर ठेवून, जेथे रेषा तुटतात त्या नेमक्या जागेतून जाताना इलेक्ट्रॉनांची हालचाल एका सेकंदात तीस-तीस वेळा टिपली. पुनर्जोडणी होते यात आता वाद नाही, आणि आत येणाऱ्या मालापैकी मोठा भाग याच वेशीतून येतो.

पण कोडे पुरते सुटत नाही. वाऱ्याच्या रेषा उत्तरेकडे तोंड करून असतात, वेस बंद असायला हवी, तेव्हाही सीमास्तर असतोच. किंबहुना कुशींकडे तो अधिक जाड दिसतो. म्हणजे बांधावरून उड्या मारणारे कोणी तरी आहे.

माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. माजलगावच्या धरणातून पाणी सुटले, दोन्ही पात्रे वाहती झाली, आणि एकीचे पाणी दुसरीपेक्षा गढूळ असले, की संगमाखाली काय दिसते पाहा. दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. त्यांच्यामधली रेघ आधी नागमोडी होते, मग तिला वळ्या पडतात, वळ्यांचे भोवरे होतात, भोवरे हे पाणी त्यात आणि ते पाणी यात गुंडाळून नेतात, आणि खाली खाली तो मिश्र पट्टा रुंद होत जातो. दोन प्रवाह वेगवेगळ्या गतीने अंगाला अंग लावून गेले की असे होणारच, हे केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात गणिताने दाखविले. चुंबकांबराच्या कुशीला हीच स्थिती आहे. बाहेर धावता प्लाझ्मा, आत स्थिर. तेव्हा तेथेही भोवरे असले पाहिजेत.

भोवरा आहे हे सिद्ध करायला दोन याने पुरत नाहीत. एका रेषेवरच्या दोन माणसांना लाट गेली एवढेच कळते. ती वळून गुंडाळली गेली की नाही, हे कळण्यासाठी चार कोपऱ्यांवर चार माणसे हवीत. युरोपच्या अंतराळ संस्थेने त्यासाठी क्लस्टर नावाची चार याने बांधली. ४ जून १९९६ रोजी ती उडाली, आणि चाळीस सेकंदांच्या आत अग्निबाणासकट फुटली. अग्निबाण नवा होता, पण त्याच्या गणकयंत्रातला काही कार्यक्रम जुन्या अग्निबाणावरून तसाच उचलला होता. नव्याचा वेग जास्त. जुन्या हिशेबाच्या मापात तो आकडा मावला नाही. दहा वर्षांचे काम त्या आकड्यापायी गेले. तरी माणसे हटली नाहीत. चारही याने पुन्हा बांधली आणि २००० सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन खेपांत वर पाठविली. ती २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत काम करीत राहिली.

याच चौघांनी २० नोव्हेंबर २००१ रोजी संध्याकाळच्या बाजूच्या कुशीला तो भोवरा पकडला. वाऱ्याच्या रेषा त्या दिवशी उत्तरेकडे तोंड करून होत्या, वेस बंद होती. तरी शिवेवर एकामागून एक भोवरे चालले होते, एकेक सुमारे चाळीस हजार किलोमीटरांचा. तीन पृथ्व्या ओळीने ठेवल्या तरी त्यात मावतील. आणि भोवऱ्याच्या आतल्या वळीत बाहेरचा दाट प्लाझ्मा गुंडाळलेला सापडला. जपानी शास्त्रज्ञ हिरोशी हासेगावा आणि सहकाऱ्यांनी हे २००४ साली प्रसिद्ध केले.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. काचेची लांबट पारदर्शक बाटली घ्या. अर्धी बाटली निळीच्या पाण्याने भरा, उरलेली पातळ तेलाने काठोकाठ भरा आणि आत हवेचा बुडबुडा न ठेवता बूच घट्ट लावा. रॉकेल मिळाले तर अधिक चांगले, कारण ते तेलापेक्षा पातळ. मात्र ते शिक्षकांनीच हाताळावे आणि विस्तव दूर ठेवावा. बाटली आडवी ठेवून दोन्ही थर शांत होऊ द्या. मग एक टोक झटकन वर उचला. पाणी खाली धावते, तेल वर धावते, आणि दोघांच्या मधल्या रेघेवर लाटा उठताना दिसतात. क्षणभरच दिसतात, मागच्या बाकावरच्या मुलांना पुढे बोलवावे.

तिसरी एक वाट आहे, आणि तीत आपल्याकडच्या माणसांचे काम आहे. भोवऱ्याने दोन प्लाझ्मे गुंडाळले तरी वळ्या वेगळ्याच राहतात; अगदी कणाकणाने मिसळायचे तर कणांना कोणी तरी ढोसले पाहिजे. टकरी नाहीत, मग ढोसणार कोण? यानांवर विजेच्या आणि चुंबकी लहरी ऐकणारी यंत्रे असतात. ती म्हणजे एक प्रकारचे रेडिओ संचच. ही याने सीमास्तरात शिरली की या यंत्रांत सर्व पट्ट्यांवर एकदम खरखर सुरू होते. ही खरखर नुसता उपद्रव नाही. या लहरी कणांना जागचे हलवितात, त्यांची वाट किंचित बदलतात, आणि टकरींचे काम टकरींशिवाय करतात. १९८२ साली ब्रूस त्सुरुतानी आणि रिचर्ड थॉर्न यांनी इसी यानांच्या नोंदींवरून या लहरींनी कण आत कसे झिरपू शकतील याचा हिशेब मांडला. पुढे याच त्सुरुतानींबरोबर गुरबक्षसिंग लखिना यांनी पोलर या यानाच्या नोंदींवरून सीमास्तरांतल्या लहरींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. बारकाईने पाहता त्या खरखरीत सुटे सुटे, टाचणीसारखे टोकदार विजेचे ठोके निघाले. ते कसे तयार होतात याची गणिते लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. लखिना हे नवी मुंबईशेजारी पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संचालक होते.

या संस्थेचे मूळ मुंबईच्या कुलाब्याला आहे. तेथे १८४१ सालापासून पृथ्वीचे चुंबकी बळ मोजले जात होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि ट्रामच्या विजेने सुया बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. बांधकामात लोखंडाचा खिळा वापरायचा नाही, असा दंडक होता. दगडदेखील पोरबंदरचा, चुंबकाला न जुमानणारा, आणला. दोन वर्षे दोन्हीकडे एकदम मोजमाप करून नव्या आकड्यांचा जुन्यांशी मेळ घातला, मगच कुलाब्याचे काम थांबविले. हे सारे त्या वेळचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली झाले; कुलाब्याचे ते पहिले भारतीय संचालक. अलिबागचे मोजमाप आजही चालू आहे. एका जागेच्या एवढ्या लांब नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि माझ्या मते आपल्या शाळापुस्तकांत या वेधशाळेला एक संबंध धडा मिळायला हवा.

पण अलिबागच्या सुईला ६५,००० किलोमीटरांवरच्या शिवेचे काय कळणार? कळते! शिवेवर विजेचा पडदा आहे आणि तो पृथ्वीच्या बळात भर घालतो, हे वर आलेच आहे. सूर्याकडून अचानक जोरदार झोत आला की शीव आत रेटली जाते, पडद्यातला प्रवाह वाढतो, आणि त्या क्षणी अलिबागच्या आलेखावर रेघ एकदम वर उडी मारते. आपल्याकडे सुईला धरून ठेवणारे आडवे बळ नॅनोटेस्ला या मापाने सुमारे ३८,००० आहे. त्यात ही उडी दहा-वीसपासून पन्नास-साठांपर्यंत असते. शीव हलल्याची ती वर्दी. आलेल्या झोताच्या रेषा दक्षिणमुखी असतील तर थोड्या वेळाने रेघ खाली कोसळू लागते. कारण आता वेस उघडलेली असते, माल आत आलेला असतो, आणि आत आलेले तापट कण पृथ्वीभोवती कड्यासारखा एक वीजप्रवाह तयार करून तिचे बळ उणे करतात. याला चुंबकी वादळ म्हणतात. शंभर नॅनोटेस्लाची उतरण म्हणजे चांगले वादळ.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांत एक झगमगाट पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर वादळ फुटले. कुलाब्याला त्या काळी आपोआप आलेख काढणारे यंत्र नव्हते. माणसाने सुईपाशी बसून डोळ्याने पाहायचे आणि वहीत लिहायचे. एरवी तासातासाने, पण सुई बिथरली की पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी ते तसे लिहीत राहिले, आणि त्या वहीत सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची उतरण नोंदली गेली, म्हणजे शेकडा चार. २००३ साली त्सुरुतानी, लखिना, वॉल्टर गॉन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेच्या शोभना अलेक्स यांनी ती जुनी वही काढून तिचा अर्थ लावला तेव्हा जगाला कळले, की त्या वादळाची एवढी मोठी उतरण टिपलेली नोंद मुंबईत आहे. त्या सकाळी बाहेर काय घडत होते हे सांगायला एकही यान नव्हते; जे कळते ते त्या वहीवरून.

अलीकडचे मोठे वादळ २०२४ सालचे. आपल्या घड्याळाप्रमाणे १० मेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास झोत येऊन आदळला. शीव इतकी आत रेटली गेली, की दूरसंचाराचे आणि हवामानाचे उपग्रह जेथे स्थिर असल्यासारखे दिसतात ती कक्षा काही काळ शिवेच्या बाहेर, उघड्या वाऱ्यात पडली. उतरण सुमारे ४०० नॅनोटेस्ला झाली, आणि लडाखमध्ये हानले येथून आकाशात तांबूस प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली. एवढ्या दक्षिणेला तो प्रकाश दिसणे हे अप्रूपच.

त्या वेळी भारताचे आदित्य एल-१ हे यान शिवेच्या पुष्कळ पुढे, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरांवर होते. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ठिकाणावर पोचले. पुण्याच्या आयुका संस्थेने बनविलेली दुर्बीण त्यावरून सूर्याकडे पाहते. सौर वाऱ्याचे कण मोजणारी आणि त्याच्या चुंबकी रेषांची दिशा सांगणारी यंत्रेही त्यावर आहेत. झोत सूर्यावरून सुटला हे आधी दिसू शकते, साधारण केव्हा येईल याचा अंदाजही बांधता येतो. पण त्याच्या रेषांचे तोंड उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, म्हणजे वेस बंद राहणार की उघडणार, हे दुरून ओळखण्याची खात्रीची युक्ती अजून सापडलेली नाही. तो वारा यानाच्या अंगावरून जातो तेव्हाच ते कळते. मे महिन्यातल्या झोतासारखा सेकंदाला ७०० किलोमीटरांचा वारा असला, तर तेथून तो शिवेवर यायला पस्तीस-छत्तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात खालून उपग्रहांना काय आज्ञा द्यायच्या त्या द्याव्या लागतात.